पेटीचा हात आणि सिंथची पट्टी

या सीमाभागात सिंथवर (सिंथेसायझर, म्हणजे इलेक्ट्रॉनिक कीबोर्डवर) बसलेला हात बहुधा पेटीवरून आलेला असतो. बेळगावात पं. रामभाऊ विजापुरे (१९१७–२०१०) यांच्यासारख्यांनी पेटीला मानाची जागा मिळवून दिली, आणि खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या गावांत देवळातलं भजन पेटीशिवाय उभंच राहत नाही. त्यामुळे घरात पहिला कीबोर्ड येतो (कंपनी कुठलीही असो, घरात त्याला कॅसिओच म्हणतात) तेव्हा बोटांना पेटीच्या सवयी आधीच लागलेल्या असतात. मग आठवडाभरात तक्रार सुरू होते: ‘नवा हाय, पर मधेच एक सूर अंगावर येतोय आणि दुसरा ऐकूच येत नाही की.’

यावर गल्लीत मिळणारा सल्ला ठरलेला आहे: टच (बोटाच्या माऱ्याप्रमाणे आवाज लहान-मोठा होण्याची सोय) बंद करून टाका. हा सल्ला अर्धा बरोबर आहे. कुठे बरोबर आणि कुठे नुकसानीचा, हे कळायला आधी पट्टीखाली काय चालतं ते बघावं लागतं.

पेटीत जोर असतो भात्यात. पट्टी दाबली की आतली झडप उचलली जाते आणि हवा रीडमधून वाहू लागते. पट्टी हळू दाबा की आपटा, झडप पुरती उघडल्यावर आवाज किती मोठा यायचा ते डावा हात ठरवतो. त्यामुळे उजव्या हाताच्या पाच बोटांचा जोर सारखा असावा अशी गरज पेटीवर कधी पडतच नाही. अंगठा जड पडला, करंगळी हलकी पडली, तरी ऐकणाऱ्याला फरक जाणवत नाही. सिंथवर हाच फरक पहिल्या सरगमीत उघडा पडतो.

सिंथचं झाकण काढून पट्ट्या बाजूला केल्या की खाली रबराच्या लांब स्ट्रिप दिसतात, साधारण एका सप्तकाला एक. प्रत्येक पट्टीखाली रबराचा एक फुगवटा, आणि फुगवट्याच्या आत मसुरीच्या दाण्याएवढ्या दोन काळ्या कार्बनच्या टिकल्या. एक टिकली किंचित खाली आलेली, दुसरी किंचित वर. त्यांच्या बरोबर खाली सर्किट बोर्डावर कार्बनचेच बारीक दात एकमेकांत अडकवल्यासारखे छापलेले असतात. पट्टी खाली जाते तेव्हा पहिली टिकली आधी टेकते, दुसरी नंतर. या दोन टेकण्यांमधला वेळ यंत्र मोजतं. म्हणजे यंत्राला तुमचा जोर कळतच नाही, कळतो तो फक्त वेग. जोरात मारलं तर हे अंतर जेमतेम काही मिलिसेकंद, अगदी अलगद दाबलं तर शंभराच्या आसपास. त्या वेळाचा आकडा बनतो १ ते १२७ मधला, आणि तोच वेलॉसिटी. १९८३ साली आलेल्या मिडीच्या, म्हणजे वाद्यं आणि कॉम्प्युटर एकमेकांशी ज्या आकड्यांत बोलतात त्या भाषेच्या, करारात ० हा आकडा सूर थांबवण्यासाठी राखलेला आहे, म्हणून वाजण्याची सुरुवात १ पासून.

यातून दोन गोष्टी लगेच निघतात. दुसरी टिकली टेकल्यानंतर कितीही दाबा, सूर मोठा होत नाही. सूर लागल्यावर त्यात जोर भरायची पेटीवाल्याची सवय इथे फुकट जाते. काही महागड्या बोर्डांवर त्यासाठी आफ्टरटच नावाची वेगळी सोय असते. भजनी मंडळं घेतात त्या ६१ पट्ट्यांच्या बोर्डांवर ती बहुधा नसते. दुसरं असं की पट्टी पुन्हा वाजायची असेल तर ती इतकी वर यावी लागते की पहिली टिकलीही सुटेल, म्हणजे जवळपास पूर्ण वर. पेटीवर द्रुत तानेत बोट अर्धंच उचललं तरी झडप उघडझाप करते आणि सूर तुटून ऐकू येतो. सिंथवर तेच केलं की पहिला संपर्क सुटतच नाही आणि तानेतला सूर गिळला जातो. ‘बोर्ड सूर खातोय’ ही तक्रार घेऊन लोक दुरुस्तीवाल्याकडे जातात, पण बोर्डाला काही झालेलं नसतं. मेनूतला कुठलाही कर्व्ह (कुठल्या वेगाला किती मोठा आकडा, हे ठरवणारी सेटिंग) यावर चालत नाही. बोट वर उचलायची सवयच लावावी लागते. तीन संपर्कांचे कीबेड (पट्ट्यांचे संच) असतात, त्यांना पट्टी पूर्ण वर यायची गरज नसते, पण ते बहुतेक पियानोसारख्या जड पट्ट्यांच्या महाग बोर्डांवर मिळतात.

आता मेनूकडे. मेनू उघडण्याआधी मोजमाप करावं असं आमचं ठाम मत आहे. कानाने कर्व्ह लावायला गेलात की टोन (निवडलेल्या वाद्याचा आवाज), स्पीकर, खोली आणि मूड, सगळंच मोजलं जातं.

मोजायला यूएसबीची वायर आणि एक कॉम्प्युटर पुरे. विंडोजवर मिडी-ऑक्स, मॅकवर मिडी मॉनिटर ही फुकट मिळणारी प्रोग्रॅम येणारा प्रत्येक आकडा पडद्यावर दाखवतात. अँड्रॉइड फोनवरही ओटीजी वायर लावून हे जमतं. बोर्डाची वेलॉसिटी ठरावीक आकड्यावर अडकलेली नाही ना, ते आधी बघा (रोलंडवर मोकळ्या वेलॉसिटीचा पर्याय ‘रिअल’ नावाने असतो). कर्व्ह मधल्या जागेवर ठेवा. बोर्ड जिथे रोज वाजतो तिथेच ठेवा: खाली मांडी घालून वाजवत असाल तर चौरंगावर, उभं राहून वाजवत असाल तर स्टँडवर. उंची बदलली की आकडे बदलतात. बोर्ड फार उंच असला की मनगट खाली लोंबतं, हाताचं वजन पट्टीवर उतरत नाही. डुगडुगणारा स्टँडही थोडा वेग खातो.

मग एकच पट्टी घ्या, मधला सा. दहा वेळा हळू, दहा वेळा नेहमीसारखी, दहा वेळा जोरात. आकडे कागदावर लिहा. हळूचे आकडे २५ ते ४० मध्ये, नेहमीचे ६० ते ८० मध्ये आणि जोराचे १०५ ते १२० मध्ये पडले तर बोर्ड तुमच्या हाताला बसलाय. १२७ क्वचितच यावा. सारखा येत असेल तर वरचा भाग सपाट झालाय. आणखी जोर लावायला जागाच उरलेली नाही. यानंतर सा रे ग म प पाच बोटांनी एका लयीत वाजवा आणि बोटागणिक आकडे बघा. पेटीच्या हातावर अंगठा आणि अनामिका यांत वीस-पंचवीसचा फरक दिसला तर दचकू नका. शेवटी काळ्या पट्ट्या. त्यांचा तरफेचा दांडा आखूड असतो, म्हणून कंपन्या त्यांच्यासाठी आतून हिशेब थोडा वेगळा ठेवतात. स्वस्त बोर्डांवर तो हिशेब कच्चा असतो. काळी चारला सा धरून गाणारा गायक असेल, तर तुमचा निम्मा वेळ काळ्या पट्ट्यांवरच जाणार आहे. तेव्हा त्यांचे आकडे पांढऱ्यांइतक्याच नेटाने लिहा.

आकडे हातात आले की कर्व्ह निवडणं सोपं. नेहमीचा दाब ९०–९५ वर पडतोय तर बोर्ड तुमच्यासाठी फार हलका आहे, जड कर्व्ह हवा. ४० वर पडतोय तर उलटं. गोंधळ नावांचा आहे. यामाहाच्या पीएसआर मालिकेत ‘सॉफ्ट’ म्हणजे हलक्या दाबालाही मोठा आवाज; ‘हार्ड’ म्हणजे मोठ्या आवाजासाठी जोर लावावा लागेल. ‘सॉफ्ट’ वाचून लोकांना वाटतं आवाज मऊ होईल, आणि होतं नेमकं उलट. रोलंडच्या एक्सपीएस-१० सारख्या बोर्डांवर हेच पर्याय ‘लाइट’, ‘मीडियम’, ‘हेवी’ म्हणून येतात, ते जरा सरळ वाटतात. कॉर्गच्या बऱ्याच वर्कस्टेशनवर कर्व्हना नुसते क्रमांक असतात. मॅन्युअलमधली आकृती बघितल्याशिवाय तिथे हात घालू नये.

कर्व्ह म्हणजे आत नेमकं काय होतं, ते एका हिशेबाने बघू. आलेला आकडा १२७ ने भागायचा, त्याचा काहीएक घात घ्यायचा आणि पुन्हा १२७ ने गुणायचं. घात १ असला तर जे आलं तेच बाहेर. घात ०.७ धरला, म्हणजे हलका कर्व्ह, तर ३० चे ४६ होतात, ६४ चे ७९, आणि १०० चे १०७. घात १.४ धरला, म्हणजे जड, तर ३० चे १७, ६४ चे ४९, १०० चे ९१. वरच्या टोकाला फरक थोडा, खाली आणि मध्ये मोठा. हे लक्षात ठेवण्यासारखं आहे, कारण भजनातलं आणि भावगीतातलं बहुतेक वाजवणं मधल्याच आकड्यांत असतं. प्रत्येक कंपनीचं सूत्र हेच असेल असं नाही, पण लॅपटॉपवर स्वतःचा कर्व्ह आखताना हे आकडे सुरुवातीला चांगले पडतात.

लॅपटॉपवरून आवाज काढणाऱ्यांसाठी इथेच एक खड्डा आहे. बऱ्याच बोर्डांचा कर्व्ह बाहेर जाणाऱ्या मिडीलाही लागू होतो. बोर्डात हलका कर्व्ह आणि लॅपटॉपच्या प्रोग्रॅममध्येही हलका कर्व्ह असेल तर दोन्ही एकावर एक चढतात: ०.७ चा ०.७ म्हणजे घात ०.४९, आणि ६४ चे थेट ९१ होतात. मग ‘सॅम्पल कर्कश आहेत’ (सॅम्पल म्हणजे वाद्याचे ध्वनिमुद्रित नमुने) असा निष्कर्ष काढला जातो. कर्व्ह एकाच जागी ठेवा. आमची पसंती बोर्डाला. कारण लॅपटॉप बदलतो, हात बदलत नाही.

ऐकताना आकड्यातला फरक किती वाटतो? जनरल मिडी (वेगवेगळ्या यंत्रांवर सूर सारखे वाजावेत म्हणून ठरलेलं मानक) याच्या दुसऱ्या पिढीतल्या शिफारशीप्रमाणे चालणाऱ्या यंत्रात ६४ ची वेलॉसिटी १२७ पेक्षा सुमारे १२ डेसिबलने खाली असते, १०० ची सुमारे ४ डेसिबलने. १२ डेसिबल म्हणजे अंगठा ओरडतो आणि अनामिका कुजबुजते, एवढा फरक. शिवाय वेलॉसिटी नुसता आवाज वाढवत नाही. ती फिल्टर उघडते (म्हणजे सूर उजळ होतो), सुराची सुरुवात टोकदार करते, आणि नमुन्यांचे थर (एकाच वाद्याचे हळू-जोराचे वेगवेगळे नमुने) बदलते. ब्रासचा टोन घ्या: ९९ पर्यंत सौम्य नमुना, १०० ला करकरीत, सीमा कुठे आहे ते टोनागणिक वेगळं. तुमचा नेहमीचा दाब त्या सीमेवरच रेंगाळत असेल, तर एक सूर सौम्य, पुढचा करकरीत, असं होत राहतं. हा दोष कर्व्हचा नाही. तिथे टोनच्या आत जाऊन थराची सीमा वर सरकवा, किंवा ‘वेलॉसिटी सेन्स’ नावाची किंमत कमी करा. एका टोनच्या त्रासापायी सगळ्या बोर्डाचा कर्व्ह बदलला की बाकीचे सगळे टोन बिघडतात.

म्हणून क्रम असा ठेवावा: आधी अख्ख्या बोर्डाचा कर्व्ह, साध्या पियानोच्या टोनवर. मग प्रत्येक टोनची संवेदना (‘वेलॉसिटी सेन्स’). मग थरांच्या सीमा. मिक्सरवरचा कंप्रेसर (मोठे आवाज आपोआप दाबणारी सोय) सगळ्यात शेवटी, आणि शक्यतो नकोच. झालं की ‘राइट’ दाबून साठवा. न साठवता लाइट गेली की सगळं मूळ जागी, आणि आपल्याकडे पावसाळ्यात लाइट कधी जाईल हे कोण सांगणार. बोर्डाला पेनड्राइव्ह लागत असेल तर एक प्रत त्यात ठेवा.

आता तो अर्धा बरोबर सल्ला. पेटीचा टोन वाजवायचा असेल तर टच बंदच करा; त्यात कमीपणा काही नाही. खरी पेटी वेलॉसिटी ओळखत नाही, ऑर्गनही नाही. अभंगाच्या साथीला पेटीचा टोन टचसकट वाजवला की तो खोटा वाटतो, कारण कुठल्याही पेटीवर मधलाच एक सूर असा उसळत नाही. वेलॉसिटी ९० ते १०० च्या दरम्यान एका आकड्यावर बांधा. मिडीच्या करारात, वेलॉसिटी न मोजणाऱ्या यंत्राने ६४ पाठवावा असं आहे, पण पेटीच्या बऱ्याच टोनना ६४ ला धार येत नाही, सूर मागे राहतो.

मग भाता कुठून आणायचा? एक्स्प्रेशन पेडलमधून. बोर्डाला तसा जॅक असेल तर पायाचं पेडल लावा आणि ते कंट्रोल क्रमांक ११ ला जोडा, ७ ला नको. ७ हा एकूण व्हॉल्यूम. तो पायाखाली आला की आधी बसवलेला आवाज पेडल हलवताच पुसला जातो. पेडल घेताना कंपनी बघून घ्या. रोलंड आणि यामाहा यांच्या पेडलची आतली जोडणी वेगळी असते. चुकीचं लावलं तर काहीच होत नाही, किंवा सगळा फरक शेवटच्या बोटभर फिरण्यात पडतो. खाली बसून वाजवणाऱ्यांना पेडल अडचणीचं. त्यांनी डाव्या हाताने एखादा नॉब किंवा स्लायडर ११ ला जोडून घ्यावा. डाव्या हाताला भात्याची सवय असतेच, तो लगेच रुळतो.

पियानो, गिटार, संतूर, व्हायोलिन या टोनवर मात्र टच बंद करणं म्हणजे वाद्याचा जीव काढून घेणं. भावगीताच्या तुकड्यात संतूरचे सगळे सूर एकाच उंचीचे आले की ऐकणारा दुसऱ्या ओळीला कंटाळतो. कारण सांगता येत नाही त्याला, पण कंटाळतो. कणस्वरांनाही टच लागतो. काळ्या पट्टीवरून पांढरीवर बोट घसरवून घेतलेला कण टच बंद असताना मूळ सुराइतकाच मोठा वाजतो, म्हणजे तो कण राहतच नाही. टच चालू असताना उलट अडचण होऊ शकते: जड कर्व्हवर हा कण १०–१५ वर पडतो आणि ऐकूच येत नाही. पेटीच्या हातासाठी म्हणून हलक्या बाजूला झुकलेला कर्व्ह आणि टोनची संवेदना थोडी कमी, ही जोडी बहुतेकांना बसते. हलक्या कर्व्हमुळे कण वर येतात, कमी संवेदनेमुळे अंगठा ओरडत नाही. कारखान्यातून येणारी ‘मीडियम’ची जागा पियानोवर शिकलेल्या हातासाठी आहे, आपल्याकडच्या हाताला ती पहिल्या दिवसापासून बसेल ही अपेक्षाच चुकीची.

मंडपात गणित पुन्हा बदलतं. वाजवणाऱ्याला स्वतःचा आवाज ऐकू आला नाही की बोटं आपोआप आपटायला लागतात आणि सगळे आकडे ११० च्या पुढे जातात. घरी नीट बसवलेला कर्व्ह स्टेजवर कर्कश वाटला तर मेनूला हात लावू नका, आधी मॉनिटर (वाजवणाऱ्याकडे तोंड केलेला स्पीकर) वाढवून घ्या.

थोडं बिघाडांबद्दल, कारण वेलॉसिटीच्या निम्म्या तक्रारी सेटिंगच्या नसतातच. एकच पट्टी कायम १२७ च्या जवळ वाजते? पहिल्या टिकलीवर घाण बसली आहे. ती उशिरा टेकते, दोन टेकण्यांमधलं अंतर कमी होतं आणि यंत्राला वाटतं जोरात मारलं. एकच पट्टी कायम मऊ वाजते? दुसरी टिकली उशिरा लागते आहे. दोन्ही खराब असतील तर पट्टी वाजतच नाही, नाहीतर जीव खाऊन दाबल्यावरच वाजते. पण ठरावीक अंतराने, दर आठवी पट्टी, किंवा सलग आठ पट्ट्या गेल्या असतील तर रबर उघडू नका. पट्ट्यांच्या तारा आठाआठाच्या जाळीत जोडलेल्या असतात. तिथे रिबन केबल सुटलेली असते किंवा एखादी लाइन तुटलेली.

घाण येते कुठून, हे इथल्या माणसाला सांगायला नको. बेळगावची विसर्जन मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते. ट्रॉलीवरच्या बोर्डात गुलाल पट्ट्यांच्या फटींतून थेट आत जातो. देवळातला उदबत्ती-कापराचा धूर चिकट थर देतो आणि त्यावर धूळ बसते. जांबोटी, कणकुंबीकडच्या पावसात आत दमट हवा कोंडते. बोर्ड वाजत नसताना कापडाने झाका, पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या टाका, आणि गुलाल पडलाच तर फुंकू नका. फुंकलं की तो आणखी आत जातो. ब्रश लावलेल्या व्हॅक्यूमने ओढून घ्या.

उघडायची वेळ आली तर ॲडॉप्टर आणि सेल काढा. बोर्ड उलटा ठेवताना दोन्ही टोकांना टॉवेलच्या गुंडाळ्या द्या, म्हणजे नॉबवर वजन येत नाही. स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात. कागदावर बोर्डाचा आकार काढून जिथला स्क्रू तिथेच टोचून ठेवा. लांब स्क्रू आखूड जागी गेला की वरचं प्लास्टिक फुटतं. रिबन केबलच्या सॉकेटला बहुधा कुलूप असतं, ते उघडल्याशिवाय ओढू नका. रबर स्ट्रिप सोडवल्यावर ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल धागे न सुटणाऱ्या कापडावर घ्या आणि टिकल्या व सर्किट बोर्डावरचे कार्बनचे दात हलकेच पुसा. मेडिकलमधलं सर्जिकल स्पिरिट नको, त्यात पाणी आणि इतर मिसळ असते. पेट्रोल, थिनर, गंजावरचे स्प्रे यांनी रबर फुगतं. घासू तर नकाच. कार्बनचा थर गेला की तो परत येत नाही, स्ट्रिपच बदलावी लागते. टिकल्यांना बोट लावू नका, बोटाचं तेलही घाणच.

पंधरा मिनिटं वाळू द्या. स्ट्रिप बसवताना तिच्या मागच्या बारीक खुंट्या सर्किट बोर्डाच्या भोकांतून बोथट काडीने पूर्ण ओढून घ्या. एखादी अर्धी राहिली की शेजारच्या तीन-चार पट्ट्या कडक लागतात आणि त्यांचे आकडे भलतेच येतात. झाकणाचे फक्त चार स्क्रू लावून ६१ च्या ६१ पट्ट्या मिडीच्या पडद्यावर बघून घ्या, मगच बाकीचे लावा. सफाईनंतर जुना कर्व्ह जड किंवा हलका वाटू शकतो, कारण घाणेरड्या टिकल्यांच्या चुकीच्या आकड्यांवरच तो बसवलेला होता. तेव्हा दहा हळू, दहा नेहमीचे, दहा जोराचे पुन्हा मोजा. मंडळात दोघं-तिघं आळीपाळीने बसत असतील तर प्रत्येकाचे आकडे आणि कर्व्ह एका चिकटपट्टीवर लिहून बोर्डाच्या मागच्या बाजूला लावून ठेवा. बसायला आलेल्याने ते बघून कर्व्ह बदलायचा, एवढाच नियम.